विरोधी बाजूची वही

आमच्या रेडिओवर रोज सकाळी दहा ते अकरा लोक फोन करून भांडतात. कार्यक्रमाचं नाव गोडसं आहे, पण काम हेच. कचऱ्याची गाडी किती वाजता यावी, इमारतीत कुत्रा पाळावा का, शाळेने मुलांचे मोबाइल काढून घ्यावेत का, गच्चीवर कपडे कोणी वाळत घालावेत. फोन मी उचलते. कोण बोलतंय, कुठून, म्हणणं काय, हे चिठ्ठीवर लिहिते, कोपऱ्यात 'बाजूने' किंवा 'विरोधात' असं टाकते आणि चिठ्ठी काचेपलीकडे बसलेल्या निवेदकाला दाखवते. नऊ वर्षं झाली. माणसं किती बोलतात आणि त्यातून किती कमी काम होतं, हे माझ्याइतकं कुणी ऐकलं नसेल.

इस्त्रीवाले काका मला आवाजावरून ओळखू यायला लागले त्याला आता दोन वर्षं होतील. "ताई, मी फार वेळ घेत नाही," अशी सुरुवात. मग तेच सांगणं. त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी बसचा स्टॉप होता, घरापासून तीस पावलांवर. रस्ता खणायचा म्हणून तो 'तात्पुरता' वर बाजाराच्या कोपऱ्यावर नेला. रस्ता खणून झाला, बुजवून झाला, स्टॉप काही खाली आला नाही. काकूंना आठवड्यातून तीनदा मोठ्या दवाखान्यात डायलिसिसला जावं लागतं. जाताना वीस मिनिटांचा चढ, आणि येताना तर त्यांना धड उभंही राहवत नाही. रिक्षा एखाद्या वेळी ठीक, पण तीन-तीनदा कुठून करणार? काका वाहतूक कार्यालयात अर्ज देऊन आले होते. सरकारी काम आणि सहा महिने थांब, त्याप्रमाणे थांबलेही होते.

अशा शांत माणसाला आमच्याकडे जागा नसते. ओरडणाऱ्याची चिठ्ठी वर जाते. मी एकदा म्हटलंसुद्धा, "काका, जरा चढ्या आवाजात बोला, म्हणजे घेतील तुम्हाला."

"चढा आवाज कशाला, ताई? स्टॉप तर खाली आणायचाय."

मी हसले. त्यांचा सतरावा फोन आला तेव्हा मात्र मला राहवलं नाही. मी स्वतः निवेदकाकडे गेले आणि विषय सांगितला. तो म्हणाला, "विषय झकास आहे. पण भांडण कुठाय? विरोधात कोण आहे?"

विरोधात कुणीच नव्हतं. म्हातारीला लांब चालायला लावा, असं कोण म्हणणार? पण दोन बाजू असल्याशिवाय विषय घ्यायचा नाही हा आमच्याकडचा नियम. त्यासाठी माझ्याकडे एक वही आहे. कुठल्याही गोष्टीला विरोध करायला तयार असणाऱ्यांचे फोन नंबर तिच्यात भागवार लिहिलेले आहेत. एक निवृत्त हेडमास्तर आहेत, ते तर विषय न विचारताच विरोधात असतात. 'बाजाराचा कोपरा' या मथळ्याखाली एका चपलांच्या दुकानदाराचं नाव होतं, पुढे माझ्याच अक्षरात शेरा: बोलका, केव्हाही. मी त्याला फोन लावला.

"स्टॉप? कुठला स्टॉप?" तो म्हणाला. मी समजावून सांगितलं. "मला काय त्याचं? वर असो की खाली असो." मग जरा थांबून म्हणाला, "रेडिओवर किती वाजता म्हणालात?"

दहा वाजेपर्यंत त्याचं मत तयार झालं होतं.

काका दीड मिनिट बोलले. रेडिओ बंद करून बोला असं मी सांगितलं होतं, म्हणून दुकानातला बंद केला होता, पण घरात काकू ऐकत होत्या आणि त्यांच्या रेडिओचा आवाज मागून येत होता. मग चपलावाला आला. चालणं हेच औषध, असं म्हणाला. लोकांना आयतं दारात लागतं, असं म्हणाला. "आमच्या बाजूची निदान दोनशे माणसं माझ्याच मताची आहेत," असंही ठोकून दिलं. दोनशे हा आकडा त्याने जागच्या जागी जन्माला घातला. निवेदक खूश. "म्हणजे अर्धी वस्ती इकडे, अर्धी तिकडे!" असं म्हणून त्याने गाणं लावलं.

आठ महिन्यांनी काकांना वाहतूक कार्यालयाचं पत्र आलं. ते त्यांनी मला फोनवर वाचून दाखवलं, एकेक शब्द तोडत: "सदर थांब्याबाबत नागरिकांत तीव्र मतभेद असल्याचे रेडिओवरील चर्चेवरूनही दिसून येत असल्याने, एकमत होईपर्यंत थांबा आहे तेथेच ठेवण्यात येत आहे."

"ताई, एकमत कसं करतात?" त्यांनी विचारलं.

त्यांचा अर्ज निदान नुसता पडून तरी होता. मी त्याला रेडिओवर आणलं आणि पुरता बुडवला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, फक्त हात त्यांचा आणि दाखवणारी मी. त्या दिवशी मी निवेदकावर ओरडले, चहा आणणाऱ्या मावशींवर ओरडले. खरा राग कुणाचा होता ते मला ठाऊक होतं.

माझ्या सुट्टीच्या दिवशी मी पत्ता शोधत त्यांच्या दुकानी गेले. दुकान म्हणजे गल्लीच्या तोंडाशी एक खोली, अर्ध्या खोलीत टेबल, मागे पडदा, पडद्यामागे घर. एकतीस वर्षं काका त्याच टेबलाशी उभे आहेत, टेबलापाशी जमिनीची फरशी दोन पावलांपुरती झिजली आहे. आधी कॉलर, मग बाह्या, मग पाठ, असा त्यांचा क्रम. मी फोनवरची ताई म्हटल्यावर त्यांनी इस्त्री उभी ठेवली, शर्टांचा गठ्ठा उचलून मला खुर्ची मोकळी करून दिली. मी बसले नाही. बसून सांगण्यासारखं नव्हतं ते.

"काका, तो चपलावाला आपणहून बोलला नव्हता. मी बोलावला होता त्याला. त्याला स्टॉपचं काही माहीतही नव्हतं."

"आणि ती दोनशे माणसं?"

"नव्हती. कुणीच नव्हतं तुमच्या विरोधात."

काका अर्धवट झालेल्या शर्टाची बाही नुसती हाताने सपाट करत राहिले.

"वरच्या बाजूला माझा मेहुणा राहतो," शेवटी ते म्हणाले. "आठ महिने झाले, मी त्याच्याशी बोललो नाही. बायकोचा सख्खा भाऊ. वाटलं, दोनशेत तोही असणार. तो दवाखान्यात भेटायला आला तर मी बाहेर जाऊन उभा राहिलो. वरची गिऱ्हाइकं कपडे द्यायला आली की मनात म्हणायचो, हाही त्यातलाच, हीही त्यातलीच. लोकांचे कपडे हातात घेऊन त्यांना शिव्या घातल्यात मी, ताई."

"माझं चुकलं, काका."

"चुकलं ना," ते म्हणाले. ठीक आहे, असू दे, असं काही म्हणाले नाहीत, आणि ते बरंच झालं.

पडदा बाजूला झाला. काकू पिशवी घेऊन निघाल्या होत्या, दवाखान्याचा दिवस होता. सगळं त्यांच्या कानावर गेलं असणार, पण त्या नवऱ्याला एवढंच म्हणाल्या, "आता तरी माझ्या भावाला फोन करा." काकांना दुकान सोडता येत नव्हतं, लोकांना कामावर जायच्या आधी कपडे हवे असतात. काकूंना परत आणायला ते दुपारी जात. मी काकूंची पिशवी घेतली आणि सोबत निघाले.

वीस मिनिटं म्हणे! आम्हाला अठ्ठावीस लागली. काकू विजेच्या प्रत्येक खांबाला हात टेकत, श्वास घेत, पुढच्या खांबाकडे बघत आणि निघत. रोज काचेमागे बसून आम्ही उंटावरून शेळ्या हाकतो, आणि हा चढ ही बाई पायांनी चढते.

स्टॉपच्या चाळीस पावलं अलीकडे चपलांचं दुकान लागलं. मालक आम्हाला बघून लगबगीने बाहेर आला. हातात स्टूल. "या काकू, बसा. पाणी देऊ?" काकू सवयीने बसल्या. तो मला म्हणाला, "यांच्यासाठी ठेवलंय खास. चढून येताना दर वेळी बसतात."

मी कोण ते सांगितल्यावर गडी फुलून गेला. मी त्याला तिथेच धरलं. म्हटलं, "मग कार्यालयाला दोन ओळी लिहून द्या. तुमचा विरोध नाही म्हणून. एवढ्यावर अडलंय सगळं."

त्याचा चेहरा पडला. "आता कसं देणार, ताई? रेडिओवर बोललोय मी. लोक म्हणतील, याच्या शब्दाला काही किंमतच नाही."

"तुम्हाला तर ठाऊकही नव्हतं स्टॉप कुठला ते!"

"तेव्हा नव्हतं. पण नंतर मी विचार केला ना."

तेवढ्यात बस आली. काकू उठायला लागल्या, मी त्यांना धरलं, पण चाळीस पावलं म्हणजे चाळीस पावलं. चपलावाला आमच्याआधी धावला. "थांबवा हो, पेशंट आहेत!" म्हणून त्याने बसच्या पत्र्यावर दणादण थापा मारल्या. ड्रायव्हरने आरशात पाहिलं, दार लावलं आणि बस गेली. पुढची पाऊण तासाने.

चपलावाला धापा टाकत परत आला. कपाळाचा घाम पुसला. संताप अगदी खरा होता त्याचा.

"बघितलंत? माणुसकी म्हणून नाही. ह्यावर एकदा रेडिओवर बोललंच पाहिजे. ताई, माझं नाव लिहून घ्या."

काकूंनी स्टूल भिंतीकडे ओढलं आणि पुन्हा बसल्या.