खांद्याला हात लावून

आरमारातल्या बोटींची इंजिनं सांभाळण्यात उमेदीची वर्षं घालवून नाना स्वातंत्र्याच्या सुमारास दोंडाईच्याला आले आणि आमच्या कापसाच्या जिनिंग कारखान्याचा बॉयलर पाहू लागले. मी तिथला कारकून, शिवाय घरही भिंतीला भिंत लागून. रोज दिवेलागणीला दाराला कडी घालण्याआधी नाना तिन्ही मुली आणि बायको यांच्या खांद्याला हात लावून मोठ्याने मोजत. "एक, दोन, तीन, चार." दीड खोलीत हरवणार कोण? आम्ही फिदीफिदी हसायचो. त्यांची बायको, आमच्या अक्का, म्हणत, "हाई घर शे का जहाज, काहीच समजत नही."

एका दुपारी बॉयलरचा वाफेचा नळ फुटला. सगळे पळाले, मी सर्वांत पुढे. नाना मात्र दारात उभे राहून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाच्या खांद्याला हात लावत होते. "अकरा. एक कमी आहे," एवढंच म्हणाले आणि वाफेत शिरले. भट्टीत कोळसा टाकणाऱ्या आगवाल्याला त्यांनी पाठीवर घालून आणलं. मग पुन्हा आत जाऊन उघड्या हातांनी व्हॉल्व्ह बंद केला.

"भीती नाही वाटली, नाना?" मी विचारलं.

"बोटीवर पळायला जागा नसते, भाऊ. पळायची सवयच लागली नाही."

त्या संध्याकाळी दोन्ही हातांना पट्ट्या बांधलेले नाना दारात उभे होते. मुली एकेक करून पुढे आल्या आणि त्यांच्या कोपराला खांदा टेकवून आपापला आकडा म्हणत गेल्या. शेवटी अक्का आल्या. "चार," त्या हळूच म्हणाल्या.

कडी लागेपर्यंत मी बाहेरच उभा होतो. दुपारी पळताना मागे कोण राहिलं, हे मी एकदाही वळून पाहिलं नव्हतं.