टोळीवार टपाल

मी पोस्टमास्तर होतो. आमच्या पोस्टमनची पिशवी पाहिली की माझं डोकं उठायचं. वरच्या आळीची पत्रं खालच्या आळीत मिसळलेली आणि गठ्ठ्यांना रंगीबेरंगी चिंध्या बांधलेल्या. दुष्काळाच्या साली, एका सकाळी तो चहाला गेला असताना मी सगळं टपाल आळीवार लावून ठेवलं.

"लई झ्याक दिसतंय, सायेब," एवढंच तो म्हणाला.

संध्याकाळी निम्मी पत्रं परत आली. "घरांना कुलपं हायेत. मानसं दुष्काळी कामाव, पारनेरच्या रस्त्याव खडी फोडत्यात. कोन कोन्या टोळीत हाय, तसं लावतो मी. एका टोळीला एका रंगाची चिंधी."

"मग सकाळीच का नाही सांगितलंत?"

"तुमी एवढ्या हौसेनं लावलेलं. मोडवंना."

गाव घरातून उठून रस्त्यावर गेलं होतं, हे त्याच्या पिशवीला ठाऊक होतं, मला नव्हतं.

परत आलेल्यांत एक कार्ड होतं. आई अत्यवस्थ होती, लेकीला बोलावलं होतं. ते त्यानं दुसऱ्या दिवशी खडीवर नेऊन दिलं. लेक माहेरी पोचली तेव्हा माती झाली होती.

पुढं ती कचेरीत विचारायला आली. माझ्याकडे न पाहता तो म्हणाला, "बाई, कार्डच उशिरा आलं गं."

मी तिथंच बसलो होतो. शिक्का उचलला आणि पाकिटांवर मारत राहिलो. तिला खरं सांगायला मी अजून गेलेलो नाही.