सासूबाईंचा अंगठा

खरं बोलून मी माझ्याच हातानं घरातला फोन तोडला. इतकी वर्षं झाली, तरी त्या खिडकीपुढं उभी असलेली मी आठवते आणि स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

तेव्हा शहराभोवती कारखान्यांवर कारखाने उभे राहत होते. माझे मालक मेंढरं सोडून चिकलठाण्यात फिटर झाले आणि आम्ही मुकुंदवाडीत राहायला आलो. कित्येक वर्षं नंबर लावून ठेवल्यावर यांना फोन मिळाला. घेतला होता तो आईसाठी. सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, वैजापूरकडच्या. दिवाळी झाली की धाकट्या दिरासोबत मेंढरं घेऊन निघायच्या, ते पावसाळ्याच्या तोंडावर परतायच्या. आज या रानात तळ, उद्या त्या. अक्षरओळख नाही, म्हणून मी त्यांच्या घोंगडीच्या कोपऱ्यावर लाल दोऱ्यानं आमचा नंबर भरून दिला होता. वाटेत एखादा बाजार लागला की त्या बूथवाल्यापुढं तो कोपरा धरायच्या आणि इकडं घंटी वाजायची. आम्हाला मात्र त्यांना गाठायचा काहीच मार्ग नव्हता.

त्या हिवाळ्यात छातीत कळ येऊन हे कारखान्यातच गेले. भावकीतली माणसं तळ शोधत फिरली, सापडला नाही. आईविना लेकाला अग्नी दिला. आता आत्याबाईंना कळणार ते फोनवर, आणि सांगणार मी. ते सांगणं वाईटच होतं. पण त्यांना कळूच नये, हे त्याहून वाईट होतं.

पाचव्या दिवशी बिलाची शेवटची तारीख होती. सुतकात बाई घराबाहेर पडली म्हणून गल्लीनं नाकं मुरडली, तरी मी टेलिफोन ऑफिसात गेले. बिल राहिलं आणि फोन कापला गेला तर? खिडकीतल्या कारकुनानं ओळखीच्या सुरात विचारलं, "साहेब नाही आले?"

"ते गेले," मी म्हणाले.

तो बिचारा हळहळला. मला पाणी दिलं आणि त्याच हातानं कार्डावर 'ग्राहक मयत' असा शेरा मारला. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन बंद.

"तुला कुनी सांगितलं होतं सांगायला?" शेजारीण मलाच ओरडली. "गपचिप बिल भरायचं. आमच्या सासऱ्याच्या नावचं लाइटीचं मीटर अजून चालू हाय की. त्यांना जाऊन लई वर्षं झाली."

पुन्हा खिडकी. फोन माझ्या नावावर करायचा तर मयताच्या आईचं 'हरकत नाही' असं पत्र हवं, त्यावर अंगठा हवा.

"त्या मेंढरांमागं आहेत," मी म्हणाले.

"पत्ता?"

"पत्ता नाही. त्याच फोन करतात."

"मग फोन आला की बोलावून घ्या."

"अहो, फोन तुम्हीच तोडलाय ना!"

त्यानं चष्मा पुसला आणि नियम पुन्हा पहिल्यापासून वाचून दाखवला. मला तो चष्मा हिसकावून घ्यावासा वाटला.

अशा पाच खेपा झाल्या. दोनदा तर ऑफिसलाच कुलूप. विद्यापीठाच्या नामांतरावरून शहर तापलेलं. मोर्चे, बंद, पोलिसांच्या गाड्या. आमच्या पलीकडच्या गल्लीतली माणसं त्या एका नावासाठी वर्षानुवर्षं लाठ्या खात होती, तुरुंगात जात होती. त्यांच्यापुढं माझं काम किरकोळ, हे मला कळत होतं. तरी मी त्या कुलपाला मनात येतील त्या शिव्या दिल्या. घरी आले की रोज रिसीव्हर कानाला लावून बघायचे. कुठल्यातरी बाजारात आत्याबाई घोंगडीचा कोपरा धरून उभ्या असतील, आणि बूथवाला मान हलवत असेल.

पाचव्या खेपेहून परतले तर आत्याबाई आमच्या ओट्यावर बसलेल्या. तीन बाजार झाले तरी फोन लागेना, म्हणून दिराला मेंढरांपाशी ठेवून एकट्याच एसटीनं आल्या होत्या. लांबूनच कडाडल्या, "का गं, त्यो फोन का उचलंना? आईचा कटाळा आला व्हय त्याला?"

मी जवळ गेले. त्यांची नजर माझ्या कपाळावर गेली आणि तिथंच राहिली. मला काही सांगावं लागलं नाही.

दोन दिवस त्यांनी अन्नाला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी, सांगायला लाज वाटते, मी कागद आणि शाई त्यांच्यापुढं ठेवली.

"काय लिवलंय?"

"यांचं नाव काढून माझं लावायला तुमची हरकत नाही, असं."

"खोटं हाय त्ये," त्या म्हणाल्या. "मला हरकत हाय. त्यो माझ्या आदी गेला, ह्याला हरकत हाय. त्याचं तोंड मला दावलं नाय, ह्याला हरकत हाय. लिव तिथं."

इतके दिवस कारकुनावर, कुलपावर, गल्लीवर काढलेला राग एकदम माझ्याच अंगावर आला. मी कागद फाडायला घेतला. आत्याबाईंनी माझं मनगट धरलं, कागद सोडवून जमिनीवर सरळ केला, स्वतःच अंगठा शाईत बुडवला आणि दाबून ठेवला.

"चालू कर फोन," त्या म्हणाल्या. "आता तू तरी उचल."