झरी रोडवरची आकाशगंगा

आमच्या केंद्रात डेटा साठतो त्याहून जास्त वेगानं किस्से साठतात. डेटा निदान डिलीट तरी करता येतो. किस्से चहाच्या टेबलावर बॅकअपसकट फिरत राहतात.

आधी काम सांगते. दूर एका माळावर रेडिओ अँटेना आकाशाकडं कान लावून बसलेल्या असतात. सगळ्या मिळून एक मोठी दुर्बीण. त्यांनी ऐकलेलं इथं परभणीजवळ, झरी रोडवरच्या केंद्रात येतं. त्यातून चित्र काढायला खगोलशास्त्रज्ञांना मदत करणारी हेल्पडेस्क म्हणजे मी. फोन वाजला की मी खुर्चीतून उडते. मुलाखतीत केंद्रप्रमुख कदम सरांना ती तत्परता वाटली होती.

सध्या चलतीत आहेत ते वैष्णवीचे किस्से. तिच्या पीएचडीचं तिसरं प्रकरण आमच्या भरवशावर होतं. बिचारी!

*

पण आधी झरीचे काका. बायकोपोरांसकट आले. "चंद्र दावता का?"

"काका, दुर्बीण इथं नाही, लांब आहे. इथं नुसते कॉम्प्युटर."

"अन् त्यात चंद्र?"

"चंद्र नाही. लांबच्या आकाशगंगा. त्याही डोळ्यांना न दिसणाऱ्या."

काकांनी एसीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "मंग तुमी इथं काय करायलाव?"

हाच प्रश्न कदम सर दर सोमवारी विचारतात. फक्त त्यांना उत्तर पीपीटीत लागतं.

*

एका मोठ्या प्रोफेसरांचा फोन. "नवा स्रोत सापडलाय! चित्राच्या बरोब्बर मध्यभागी!"

"बरोब्बर मध्यभागी" ऐकलं की मी कपाळाला हात लावते. यंत्रात किरकोळ दोष असला की नेमका तिथंच खोटा ठिपका उमटतो. पण एवढ्या मोठ्या माणसाला सांगायचं कुणी? माझ्या सीनियर सुनंदाताईंनी फोन ओढून घेतला.

"सर, दुर्बीण दुसरीकडं वळवून घेतलेली चित्रंही बघा. तिथंही मध्येच असेल."

पलीकडं माउसची टकटक. मग आनंदानं फुटलेला आवाज, "म्हणजे असे पुष्कळ आहेत!"

*

आता वैष्णवी. गंगाखेडची. एक अंधूक आकाशगंगा शोधायला तिला दुर्बीण एकदाच मिळालेली. पुन्हा कधी मिळेल, देव जाणे. सोबत तिचे वडील, आबा. घरचा ऊस सोडून रोज लेकीबरोबर एसटीनं यायचे. "पोरगी एवढं काय बघायली, आमाला बी कळू द्या की!"

मोबाइल टॉवर, विमानं, सगळ्यांचा गोंगाट डेटात मिसळतो. तेवढा भाग आधी काढून टाकावा लागतो. वैष्णवी काहीच टाकेना.

"मॅडम, इतक्या मुश्किलीनं मिळालाय. थोडा गोंगाट राहू द्या ना!"

"टाक. जरा मन घट्ट कर."

तिनं केलं. जेवून येऊन बघते तर मी किंचाळलेच. गोंगाट गेला होता, आणि आकाशही!

आबा शांत. "आईवर गेलीय. दिवाळीच्या सफाईत तिनं माझी चप्पल बी ठिवली न्हाई."

मूळ प्रत जपून ठेवलेली होती, म्हणून मी अजून नोकरीत आहे.

*

पुन्हा साफसफाई केली, तरी चित्रात काही दिसेना. तेवढ्यात मागून कदम सर बोलले आणि माझ्या हातातला माउस खाली पडला.

"अगं, सॉफ्टवेअरला जरा आधार द्या! काय दिसायला हवं ते आधी सांगा, मग ते शोधतं."

वैष्णवीनं सॉफ्टवेअरमध्ये हवी तशी, हवी तिथं एक आकाशगंगा भरून दिली. आणि काय आश्चर्य! तश्शीच, तिथ्थंच उगवली! सरांनी टाळ्या वाजवल्या. आबांनी स्क्रीनला हात जोडले.

सुनंदाताईंनी चहा पिता पिता दोन भरून दिल्या. दोन उगवल्या.

सर चष्मा पुसत म्हणाले, "मी म्हणत नव्हतो? आधार दिला की प्रगती होते!"

*

शेवटी बिनआधाराचं, खरं चित्र काढलं. कोरं. वैष्णवी रडायला लागली. समोरचं माणूस रडलं की मला उचक्या लागतात, त्यामुळं बराच वेळ दोघींचा कार्यक्रम चालला.

"ते सुंदरवालं पाठव," सर म्हणाले. "गाइड कुठं एवढं तपासतात!"

वैष्णवीनं नाक पुसलं आणि कोरं पाठवलं. थोड्याच वेळात गाइडचा फोन. तिनं स्पीकर लावला, मी टेबल धरलं.

"वैष्णवी, हे चित्र कोरं आहे."

"हो सर."

"आधार-बिधार काही दिला नाहीस ना?"

"नाही सर."

"शाब्बास! तिथं काहीतरी आहे, असं सगळे नुसते म्हणत आलेत. असलंच तर किती अंधूक असेल, ते आता तू छातीठोक सांगू शकतेस. झालं तुझं तिसरं प्रकरण. लिहायला बस."

आबा मोबाइल घेऊन व्हरांड्यात गेले. त्यांचा आवाज आत सगळ्यांना ऐकू येत होता.

"अगं, झालं पोरीचं काम! ...न्हाई, काईच दिसलं न्हाई. ...अगं, तसं न्हाई गं! लय पक्कं दिसलं न्हाई! सांग जा गल्लीत समद्यांना!"