बिराच्या जबड्यातले दोन स्क्रू

बिरा गेल्याचं मला म्हसवडच्या बाजारात कळलं. सांगणारा गावचाच, आणि वर हसत होता. "आवं, तुमचा दातवाला दोस्त गेला की." माणूस मेला आणि ह्याला दात आठवले! मी पोचलो तोवर सरण पेटलं होतं... महिना होऊन गेला, माझा राग काही उतरत नाही. माझी शाळा चौथीच्या पुढं गेली नाही, तरी लिहितोच.

बिरा मेंढरं राखायचा. माळाच्या ह्या टोकाला त्याची शीळ वाजली की त्या टोकाची मेंढरं माना वर करायची. मग एका मेंढ्यानं त्याच्या तोंडावर धडक दिली. वरचे पुढचे दोन दात पडले, शेजारचा अर्धा मोडला. शीळ गेली, नुसती हवा निघायची. मेंढरं त्याच्याकडं बघायची आणि परत चरायला लागायची. तेव्हापासून बिरा तोंडावर डोक्याच्या पटक्याचा शेव धरून बोलायचा.

वडूजला एका डॉक्टरनं सांगितलं, वरचे सगळेच काढू, कवळी बसवू. बिरा खुर्चीतनं उठलाच. "दोन मेंढरं मेली म्हनून मी समदा कळप कापतो व्हय?" मी त्याच्या शेजारीच होतो.

सांगलीची डॉक्टरीण मात्र नीट बोलली. "आजोबा, हाड चांगलं आहे तुमचं. पडलेल्या दातांच्या जागी हाडात दोन स्क्रू बसवू, त्यावर नवे दात. मोडलेल्याचं मूळ घट्ट आहे. तो काढायचा नाही, त्याच्यावरच टोपी घालू." हाडानं स्क्रू धरेपर्यंत बिरानं कित्येक महिने भाकरी दुधात कुस्करून खाल्ली. भावकी पारावर बसून हसायची. त्याचा चुलतभाऊ तुका तर तोंडावर म्हणाला, "मसनात पाय आन् तोंडात स्क्रू! कुनाला दावायचं हाय रं?"

"तुला न्हाई गड्या. मेंढरास्नी."

दात बसल्यावर त्यानं मला माळावर नेलं. पहिली शीळ फसली. दुसरी लागली... आणि सगळा कळप वळला! बिरानं तोंडावरचा शेव काढून खांद्यावर टाकला. त्या वेळचं त्याचं तोंड मी पाहिलंय. हसणाऱ्यांपैकी एकानंही पाहिलेलं नाही.

बिरा गेल्यावर तिसऱ्या दिवशी राख सावडायला गेलो. राखेत हाडांबरोबर ते दोन स्क्रू निघाले, काळे पडलेले. तुकानं काटकीनं ते बाजूला सारले. "ह्ये काय त्याचं हाड न्हवं. द्या टाकून."

"त्याच्या हाडानं धरलं हुतं त्ये! तू कोन सोडवनार रं?" मी ओरडलो. मसणवाटीत आवाज चढवू नये, मला कळतं. चढवला.

बिराचा मुलगा म्हाकू पुढं झाला. त्यानं वाकून दोन्ही स्क्रू उचलले, हाडांसारखेच दुधानं धुतले, मडक्यात ठेवले आणि वरनं फडकं बांधलं.

"चला, ऊन झालं," तुका म्हणाला.

मी त्याच्यासंगं आलो नाही.