पुढे दहा गाड्या

माझे सासरे नेव्हिल ओल्डरॉयड यांनी गाडी उभी करायला आजवर एक पेनी खर्च केलेली नाही. हे ते स्वतःच सांगतात, कुणी विचारलेलं नसलं तरी. आमच्या लग्नाच्या जेवणात वधूपिता म्हणून बोलायला उभे राहिले तेव्हा त्यांनी पहिली पाच मिनिटं पाहुण्यांनी परत जाताना कुठली गल्ली टाळावी हे समजावून सांगितलं. रुथबद्दल, म्हणजे माझ्या बायकोबद्दल, दोन वाक्यं बोलले आणि खाली बसले.

बार्न्स्लीच्या बस डेपोत त्यांनी अडतीस वर्षं वेळापत्रकं केली. निवृत्त झाल्यावर वेळापत्रकात बसवायला बस राहिल्या नाहीत, म्हणून मग आधी सुट्टीपुरते सापडणारे आम्ही पूर्णवेळ सापडलो. त्यांच्या कपाटात हिरव्या फायली आहेत, एका शहराला एक. हॅरोगेटची फुलं, चेस्टरच्या शर्यती, स्कारबरोचा समुद्र, यॉर्कचा नाताळ बाजार. प्रत्येक फायलीत हाताने काढलेला नकाशा, फुकट गाडी लावायची गल्ली, तिथून चालत किती मिनिटं, वाटेत संडास कुठे, आणि शेवटी एक पान ‘पाऊस आल्यास’. सहलीच्या आधी एखाद्या मंगळवारी ते एकटेच जाऊन रंगीत तालीम करून येतात. घड्याळ लावून चालतात. सँडविच घरून नेतात आणि गाडीत बसूनच खातात, काचा वाफेने पांढऱ्या होईपर्यंत. तेवीस वर्षं मी मागच्या सीटवर गुडघे हनुवटीला लावून अशा सहली केल्या आहेत. माझं वेल्समधलं सगळं माहेर, म्हणजे पुरुषाला माहेर म्हणता येत असेल तर, मला यावरून हसतं.

या सगळ्याचं मूळ कशात आहे ते मला नॉर्माने, म्हणजे सासूबाईंनी, एकदा भांडी पुसताना सांगितलं. रुथ जन्मली तेव्हा नेव्हिल दवाखान्याभोवती गाडी घेऊन सातवी फेरी मारत होते. जागा मिळेना. गाडी लावायला मनाई असलेल्या पिवळ्या रेघांवर गाडी सोडून आत पळावं, हे काही त्यांच्याच्याने झालं नाही. वर पोचले तेव्हा पोरगी दोन तासांची झाली होती आणि नॉर्मा झोपली होती. “मी एकदाच बोलले,” नॉर्मा म्हणाली. “पुन्हा तो विषय काढला नाही. पण पुढच्या महिन्यात पहिली फाईल आली घरात.”

नॉर्मा गाते. गावातल्या मंडळींचा एक गायनमेळा आहे, त्यात ती एकतीस वर्षं मागच्या रांगेत उभी राहिली. आवाज चांगला, पण पुढे कुणी बोलावलं नाही आणि हिने कधी मागितलं नाही. गेल्या वर्षी मेळ्याला यॉर्कच्या नाताळ बाजारात चौकात गायचं आमंत्रण आलं, डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी, दुपारी तीन वाजता. आणि मेळा बसवणाऱ्या बाईंनी ठरवलं, पहिल्या गाण्याचं पहिलं कडवं नॉर्माने एकटीने म्हणायचं. वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी! महिनाभर ती न्हाणीघरात दार लावून तेच कडवं म्हणत होती. नेव्हिलनी ऐकायचं नाही अशी तिची अट होती. “तिथेच ऐक,” ती म्हणाली. “सगळ्यांसारखा समोर उभा राहून.”

तेव्हापासून यॉर्कची फाईल दुप्पट जाड झाली.

मेळ्याची बस सकाळी नॉर्माला घेऊन जाणार होती आणि बसमध्ये जागा होती. “बाबा, तुम्ही आईबरोबर बसनेच जा ना,” रुथ म्हणाली.

“बसने?” नेव्हिलना कुणी चोर म्हटल्यासारखा राग आला. “मी अडतीस वर्षं बसची वेळापत्रकं केलीत, पोरी. त्यात किती खरं असतं ते मला विचार.”

“मग मी फोनवरून पार्किंगची जागा राखून ठेवते. दोन मिनिटांचं काम.”

“गाडीला राखीव जागा? नाटकाला चाललीय का गाडी?”

“गावाबाहेर गाडी लावून तिथल्या बसने आत जाऊ,” मी म्हणालो.

“जावईबापू,” ते म्हणाले, “पुन्हा बसच ना?”

पालथ्या घड्यावर पाणी. तर बेत असा ठरला: एक चाळीसला एका शाळेच्या पलीकडच्या गल्लीत पोचायचं. तिथे शेवटच्या घराच्या कुंपणाशी एक जागा असते, मंगळवारच्या तालमीत रिकामी होती. तिथून चौक चालत बावीस मिनिटं. म्हणजे सँडविच खाऊनही सव्वादोनला आपण पहिल्या रांगेत उभे. पंचेचाळीस मिनिटं हाताशी. खरं सांगायचं तर बेतात खोट नव्हती, हेच मला अजून पचत नाही.

एक पस्तीसला आम्ही शाळेच्या रस्त्याला वळलो. समोर फाटकाजवळ रंगाने लिहिलेली पाटी होती: नाताळ बाजारासाठी पार्किंग, शाळेचं मैदान, पालक समिती. पाटीच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला गाड्यांची रांग उभी होती. नेव्हिलनी वेग कमी केला आणि रांगेच्या शेवटी नेऊन गाडी उभी केली.

“बाबा, आपल्याला मैदानात जायचंच नाहीये,” रुथ म्हणाली. “आपली गल्ली पुढे आहे. बाजूने काढा.”

“आणि या लोकांना काय वाटेल?”

“काय वाटेल?”

“मी मध्ये घुसतोय असं. त्यांना काय माहीत मी पुढे जाणार आहे ते? रांग सरकेल. पंचेचाळीस मिनिटं ठेवलीत ती कशाला?”

मी मोजल्या. पुढे दहा गाड्या. सगळ्यांची इंजिनं बंद, सगळ्यांच्या काचा वाफाळलेल्या. नेव्हिलनी डबा काढला, आम्ही अंड्याची सँडविचेस खाल्ली. दोन वाजले. आमच्या मागेही गाड्या येऊन उभ्या राहत होत्या, एक, मग तीन, मग सात. रांग इंचभर हलली नव्हती. एक पांढरी व्हॅन आली आणि सरळ सगळ्यांना ओलांडून पुढे निघून गेली.

“लाज आहे का बघ याला,” नेव्हिल म्हणाले. मागच्या लाल गाडीतल्या बाईनेही मान हलवली. मला आरशात दिसलं.

दोन वाजून दहा मिनिटांनी मी म्हणालो, “पुढे जाऊन बघून येतो काय भानगड आहे.”

“आगाऊपणा दिसतो तो. रांगेत सगळेच थांबलेत. तुझ्या एकट्याच्याच पायाखाली निखारे आहेत का?”

“सासूबाई तीन वाजता गाणार आहेत!”

“ते मला सांगतोस?” ते अगदी हळू बोलले. स्टिअरिंगवर त्यांची बोटं सारखी वाजत होती. दोन वीस झाले, दोन पंचवीस झाले. फायलीतलं पान त्यांनी तीनदा काढलं आणि ठेवलं. दोन तीसला त्यांनी पेन्सिलीने ‘सव्वादोन’ खोडून ‘दोन पंचावन्न’ केलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी दार उघडलं आणि न विचारता चालू लागलो.

दहा गाड्यांमधून दहा चेहरे माझ्याकडे अशा नजरेने बघत होते की जणू मी त्यांच्या घरातली भांडी उचलून चाललोय. सगळ्यात पुढच्या निळ्या गाडीत एक टक्कल पडलेला गृहस्थ मांसाची पेस्ट्री खात रेडिओवर फुटबॉलचा सामना ऐकत होता. मी काच वाजवली.

“का हो, मैदानात सोडत नाहीत का?”

“कुठलं मैदान?” तो म्हणाला. “मुलीचा नाचाचा क्लास आहे आत शाळेत. पावणेतीनला सुटेल. मी तिची वाट बघतोय.” त्याने मागे वळून रांगेकडे पाहिलं. “मला तेच कळेना, आज एवढे बाप कसे आले!”

मी फाटकातून आत पाहिलं. मैदान जवळजवळ रिकामं होतं. पालक समितीच्या दोन बाया पिवळी जाकिटं घालून थर्मासमधला चहा पीत बसल्या होत्या. एकीने मला आशेने हात केला.

मी धावत परत आलो आणि सांगितलं. रुथला हसू आलं, मग ते तिथेच विरलं. दोन एकोणचाळीस झाले होते. नेव्हिल समोर बघत राहिले. तोवर बातमी रांगेत पसरली होती आणि प्रत्येक जण काच खाली करून दुसऱ्याला म्हणत होता, “आधी तुम्ही.” “नाही नाही, तुम्ही आधी आलात.” या लोकांना स्वर्गाच्या दारातही आत शिरायला आठवडा लागेल! नेव्हिलनी गाडी चालू करून अर्धी रस्त्यात काढली आणि ती तिथेच अडकली; ना पुढे जागा, ना मागे.

“उतरा,” मी म्हणालो. “बावीस मिनिटांची वाट आहे, पाय उचलले तर अठरा. गाडी मी लावतो.”

“तुला ही गाडी माहीत नाही. क्लच वर धरते, पाय बराच उचलावा लागतो.”

“धरू दे!”

“आणि दुसरा गिअर...”

“बाबा, उतरा हो!”

“रस्त्याच्या मधोमध गाडी सोडून? असं नाही करता येत. दोन मिनिटं थांब, हे लोक हलले की तीनच मिनिटांत आपली जागा...”

“बाबा.” रुथ ओरडली नाही. “मी जन्मले तेव्हाही तुम्ही गाडी सोडली नव्हती.”

तिला हे माहीत आहे, हे नेव्हिलना माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग चावीकडे. इंजिन बंद केलं. चावी तिथेच ठेवून उतरले, आणि टोपी, फाईल, हातमोजे सगळं आत सोडून चालू लागले. एक गुडघा त्यांचा वाकत नाही. रुथ त्यांच्यामागे धावली. दोन पंचेचाळीस.

मी पुढच्या सीटवर बसलो. क्लच खरोखरच वर धरते. दोनदा गाडी बंद पडली. लाल गाडीतली बाई अतिशय सभ्यपणे थांबून राहिली. शेवटी मी सगळ्यांना ओलांडून शाळेपलीकडच्या गल्लीत वळलो. शेवटच्या घराच्या कुंपणाशी एक जागा रिकामी होती. बरोबर गाडीएवढी. मी तिथे गाडी लावली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून एक शिवी दिली. कुणाला, ते मलाही ठाऊक नाही.

चौकात पोचलो तेव्हा मेळ्याचं गाऊन झालं होतं. म्हणजे मी तर वरातीमागून घोडंच. तिघं एका चहाच्या टपरीपाशी उभी होती. रुथने माझ्याकडे बघून नकारार्थी मान हलवली. नंतर तिने सांगितलं: ते गर्दीत शिरले तेव्हा पहिल्या गाण्याचं शेवटचं कडवं चाललं होतं, सगळे मिळून म्हणत होते. नॉर्मा पुढे एकटी उभी होती, कागद छातीशी धरून, आणि लोकांमध्ये चेहरा शोधत होती. त्यांना पाहिल्यावर तिचे ओठ क्षणभर थांबले, मग पुन्हा गाऊ लागली. नेव्हिलना वाटेत दोनदा भिंतीला टेकावं लागलं होतं. इतकं करून उशीर झाला तो चार मिनिटांचा.

मी जवळ गेलो तेव्हा नॉर्मा त्यांना विचारत होती, “गाडी कुठे लावलीस?”

“माहीत नाही,” नेव्हिल म्हणाले.

“माहीत नाही?”

“सोडून आलो. रस्त्यात.”

नॉर्मा त्यांच्या उघड्या डोक्याकडे बघत राहिली. थंडीने कान लाल झाले होते. “रुथच्या वेळी नव्हतीस सोडली,” ती म्हणाली.

“नाही.”

“आज सोडलीस.”

“पण उशिरा सोडली, नॉर्मा.”

मला वाटलं, आता ती म्हणेल, असू दे, आलास ना. माझी आई असती तर तेच म्हणाली असती. नॉर्मा तसं काही म्हणाली नाही. “हो,” ती म्हणाली. “उशिराच.” आणि हातातला चहा तिने त्यांच्यापुढे केला.

ते चहा पिऊ लागले आणि मग त्यांची नजर माझ्याकडे गेली. “माझी जागा गेली असेल ना?”

खोटं बोलायची इच्छा मला इतकी आयुष्यात कधी झाली नव्हती. पण गाडी तिथेच होती आणि तिथूनच घरी जायचं होतं. “तुमच्याच जागी लावलीय,” मी म्हणालो. “रिकामी होती.”

“मंगळवारीपण होती,” ते म्हणाले. “माझा हिशोब चुकला नव्हता.” मग थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, “मला ऐकायचं होतं रे ते.”

बाजारात आम्ही थांबलो नाही; नॉर्मा मेळ्याची बस सोडून आमच्याबरोबरच निघाली. गल्लीत पोचल्यावर नेव्हिल गाडीपाशी आले, पुढचं दार उघडलं आणि मला म्हणाले, “चालव तू.” स्वतः मागे नॉर्माशेजारी बसले, वाकत नसलेला गुडघा कसाबसा आत घेऊन. तेवीस वर्षांत हे पहिल्यांदा घडत होतं, आणि मला त्यात तिळमात्र आनंद झाला नाही. शाळेपाशी अजून दोन गाड्या एकमेकींना वाट देत उभ्या होत्या. मी कुणालाही हात न करता बाजूने काढली.

शहर मागे पडलं. रुथ खिडकीबाहेर बघत होती. क्लच अजूनही वरच धरत होती, पण नेव्हिल त्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत. मग मागून त्यांचा आवाज आला.

“केवढं आहे ते कडवं?”

“कसलं केवढं?” नॉर्मा म्हणाली.

“म्हणजे म्हणायला किती वेळ लागतो?”

मी आरशात पाहिलं, नॉर्माचे ओठ आवाज न करता हलत होते. ती ते कडवं मनात म्हणून बघत होती आणि नेव्हिल तिच्या ओठांकडे बघत होते.

“पन्नास सेकंद,” ती म्हणाली.