शेवटच्या तासाचा फीडबॅक

लिंक जाऊन पाच दिवस झाले होते आणि उत्तरं आली होती तीन. हवी होती कमीत कमी शंभर. मुदत संपायला दहा दिवस उरले होते. प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि कॉम्प्युटरचा स्क्रीन माझ्याकडे वळवला. तो तीनचा आकडा मीच तिथे आणून ठेवलाय, असा त्यांचा चेहरा होता.

मुरबाडच्या आमच्या कॉलेजात मी भूगोल शिकवते. शिवाय आयक्यूएसीची कोऑर्डिनेटर आहे. आयक्यूएसी म्हणजे कॉलेजचा गुणवत्ता कक्ष. आमच्याकडे हा कक्ष एका कपाटात मावतो. कोऑर्डिनेटर म्हणजे मीटिंगमध्ये जिला वेळेवर ‘नाही’ म्हणता आलं नाही ती बाई.

दर काही वर्षांनी मूल्यांकन करणारी एक सरकारी संस्था कॉलेज तपासते आणि ग्रेड देते. पूर्वी हे काम सोपं होतं. समिती यायची, रांगोळ्या बघायची, जेवायची, आणि जेवण बरं झालं असेल तर ग्रेडही बरी मिळायची. मग सुधारणा झाल्या. आता बरंचसं काम ऑनलाइन असतं, आणि सगळ्यात मोठी सुधारणा म्हणजे थेट विद्यार्थ्यांनाच विचारतात. कॉलेजने फक्त मुलांचे ईमेल द्यायचे. संस्था परस्पर लिंक पाठवते, मुलं वीस-एक प्रश्नांची उत्तरं देतात, शेवटी सूचना लिहितात. पुरेशी उत्तरं आली नाहीत तर अर्जच बाद.

अर्ज बाद झाला तर बीएस्सी बाद. आमचं कॉलेज आर्ट्स आणि कॉमर्सचं. सायन्स सुरू करायला ग्रेड लागते. तोवर बारावी सायन्स झालेल्या मुलींना कल्याण गाठावं लागतं, आणि मुरबाडला रेल्वे नाही. माझ्या तिसऱ्या वर्षाच्या वर्गातल्या वैशालीची धाकटी बहीण अश्विनी बारावी सायन्स चांगल्या मार्कांनी पास होऊन घरी बसली होती. ‘मुरबाडला असंल तर शिक, कल्याणला नाय,’ असं वडिलांनी सांगून टाकलं होतं. वैशाली दर आठवड्याला मला गाठायची. “मॅडम, ग्रेडचं काय झालं?” मी म्हणायचे, “प्रोसेसमध्ये आहे.” ऑफिसात हे उत्तर कशालाही चालतं.

मला मात्र निकालाची खात्री होती. आमचा स्वतःचाही फीडबॅक फॉर्म असतो. तो मी दरवर्षी न चुकता भरून घेते. पाच वर्षांच्या फाइली कपाटात होत्या आणि त्यांतले विद्यार्थी भलतेच समाधानी होते. एकच गोष्ट मला खुपायची. माझा भूगोलाचा तास शेवटचा, अकरा-चाळीस ते साडेबारा, आणि त्याला वर्गात डझनभरच मुलं असायची. हल्लीच्या मुलांना भूगोलाची गोडी नाही, असं माझं निदान होतं. त्यावर मी एका सेमिनारमध्ये पेपरही वाचला होता.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात गेले. भातलावणीचे दिवस, त्यामुळे बाकं रिकामी. जी थोडी मुलं होती त्यांना विचारलं, “सर्व्हेचा मेल आला का तुम्हाला?”

“मेल कुठं येतो मॅडम?”

“तुमच्या ईमेलवर.”

“तो जयवंतशेठकडं असतो,” एक मुलगी म्हणाली. रेशन कार्ड तलाठ्याकडे आहे म्हणावं, तसं.

जयवंतचं बाजारपेठेत ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. ॲडमिशन, स्कॉलरशिप, जातीचा दाखला, सगळं तिथे. फॉर्ममध्ये ईमेलचा रकाना भरल्याशिवाय पान पुढे सरकत नाही, म्हणून तो मुलांना तिथल्या तिथे एकेक ईमेल काढून देतो. काढून देतो म्हणजे स्वतःजवळ ठेवतो. मुलांना त्याची गरज पडत नाही आणि त्याला पडते.

मी दुकानात गेले तेव्हा तो एका आजींचा अंगठा मशीनवर दाबत होता. मी काम सांगितलं. त्याने मेल उघडून दाखवले. एकाखाली एक, सगळ्यांना लिंक आलेली होती.

“आणि पासवर्ड?”

“सगळ्यांना एकच. पाखऱ्या ॲट एक-दोन-तीन.”

पाखऱ्या हा त्याचा शर्यतीचा बैल. आमच्या संपूर्ण कॉलेजची डिजिटल ओळख एका बैलाच्या नावावर चालली होती. तीन उत्तरं तरी कशी आली, असं मी विचारलं. ती तीन मुलं म्हणे शहापूरहून आलेली होती, ॲडमिशन तिकडून भरून.

मी परत येऊन प्राचार्यांना सांगितलं. त्यांनी आधी उठून दार लोटलं.

“म्हणजे सगळ्यांचं तो एकटा भरू शकतो?”

“सर, ते नियमात बसत नाही.”

“बसत नाही ते मला माहिती आहे, मॅडम. भरू शकतो का, एवढंच विचारतोय.”

खोटं कशाला बोलू, माझ्याही मनात ते येऊन गेलं होतं. दुपारी मी पुन्हा दुकानात गेले आणि आडवळणाने विषय काढला. जयवंतने खुर्ची माझ्याकडे फिरवली.

“भरतो की. पन मला वाटतं तेच भरीन. मी पन एक वर्ष तुमच्याच कॉलेजात होतो.”

“हो का? मला आठवत नाही.”

“मला आठवतंय. डिफॉल्टर लिस्टमधी माझं नाव दुसरं होतं.”

डिफॉल्टर लिस्ट म्हणजे हजेरी कमी असलेल्यांची यादी. त्यात नाव आलं की परीक्षेला बसता येत नाही. ती यादी नोटीस बोर्डावर लावते मीच. जयवंतचं मत शंभर-सव्वाशे वेळा गेलं तर आमची ग्रेड कुठे जाईल, याचा मी तिथेच हिशेब केला आणि एकदम तत्त्वनिष्ठ झाले.

“नको. मुलांनीच भरायला पाहिजे,” मी म्हणाले. “नियम म्हणजे नियम.”

“मंग मुलांकडं जावं लागंल. माझ्या लॅपटॉपशिवाय हे मेल उघडत नाय. दुसरीकडं उघडाय गेलं का गुगल माझ्या मोबाइलवर कोड मागतं.”

आता मुलं होती शेतात. म्हणून आम्हीच निघालो. जयवंतने तीन दिवस दुकान बंद ठेवलं आणि त्याच्या ईको गाडीत लॅपटॉप घालून आम्ही धसईच्या बाजूची गावं धरली. त्याने दुकान का बंद ठेवलं, हे मला तेव्हा कळलं नाही. मी विचारलं, तर म्हणाला, “बघू तरी, पोरं काय बोलतात.”

पहिलं गाव वैशालीचंच होतं. रेंज फक्त मारुतीच्या पारावर. पार शेताला लागून, म्हणून बरं. वैशाली, तिच्या वर्गातल्या चौघी-पाच जणी आणि गावातली बाकीची कॉलेजची मुलं लावणी करत होती. गुडघाभर चिखलात, डोक्यावरून प्लास्टिकचे कागद. त्यांचे हात कीबोर्डला लावायच्या लायकीचे नव्हते. म्हणून जयवंत प्रश्न वाचणार, ती बांधावरून उत्तर देणार, आणि तो टिक करणार, असं ठरलं. उत्तरं गोपनीय असायला हवीत, हा नियम. म्हणून मी वीस पावलं दूर जाऊन, छत्री उघडून, पाठ करून उभी राहिले.

एक गोष्ट माझ्या लक्षात आली नाही. जयवंत बैलांच्या शर्यतीत माइकवर बोलतो, आणि माइक नसला तरी त्याला फरक पडत नाही. आमची गोपनीयता पलीकडच्या पाड्यावर ऐकू जात होती.

“सिलॅबस किती टक्के शिकवला जातो?” जयवंत.

“शिकवत असतील,” एक मुलगी. “आमी नसतो.”

“असा ऑप्शन नाय गो. टक्के सांग.”

“मंग निम्मा लिव.”

छत्रीखाली माझे कान तापले. प्रश्न संपले. शेवटी सूचना.

“कॉलेज सुधाराया काय करावं?”

“शेवटचा तास बाराच्या आत संपवा,” वैशालीचा आवाज. “धसईची गाडी सव्वाबाराला सुटती. पुढची साडेतीनला.”

दुसरी मुलगी. तीच सूचना. तिसरा मुलगा. तीच. पाचव्यानंतर जयवंतने विचारणंच सोडलं. “सूचना तीच ना?” “तीच.” आणि टायपिंगचा टकटक आवाज.

मी गोपनीयता गुंडाळली आणि बांधापर्यंत गेले. मला राग आला होता, तो नक्की कोणाचा ते कळत नव्हतं.

“वैशाली, एवढं होतं तर मला सांगायचं नाही का? मी दरवर्षी फीडबॅक फॉर्म देते. पाच वर्षांत एकानेही हे लिहिलेलं नाही.”

तिने हातातली रोपांची जुडी खाली ठेवली. “फॉर्म कधी देता मॅडम?”

“शेवटच्या ता—”

मी बोलता बोलता थांबले. माझ्या तासाला फक्त बाजारपेठेत राहणारी मुलं बसायची. त्यांना गाडी पकडायची नसायची. ती समाधानी होती, कारण घर पाच मिनिटांवर होतं. बाकीच्यांना तास सुरू झाल्यावर मध्येच उठू द्यायचं नाही, अशी माझी शिस्त. म्हणून ती बसतच नव्हती.

“तुमी कशावर येता मॅडम?” जयवंतने विचारलं.

“शहापूरहून. स्कूटरवर.”

त्याने नुसती मान हलवली. मी भूगोलाची प्राध्यापिका. माळशेजचा घाट फळ्यावर न बघता काढते. कॉलेजपासून दहा मिनिटांवरच्या स्टँडवरून कुठली गाडी कधी सुटते, ते मला ठाऊक नव्हतं.

गाडीत बसल्यावर मी त्याला विचारलं, “तुझी पण हीच गाडी होती?”

“हीच.”

“मग तेव्हा सांगायचं होतंस.”

“आलतो सांगाया. तुमी बोललात, ‘कारणं सांगू नकोस.’”

मी असं म्हणाले असेन. दरवर्षी वीसेक जणांना म्हणते. मला फार लाज वाटली, आणि सॉरी म्हणायला जरा उशीरच झाला होता. तरी म्हणाले. तो म्हणाला, “ऱ्हाऊद्या, पुढचं गाव येतंय, छत्री घ्या.”

तीन दिवसांत शंभराचा आकडा पार झाला. मी प्राचार्यांना सगळं सांगितलं. त्यांनी वेळापत्रक समोर ओढलं. आमची मधली सुट्टी चाळीस मिनिटांची होती, कारण स्टाफरूममध्ये चहा यायला तेवढा वेळ लागतो. त्यांनी ती दहा मिनिटांची केली. शेवटचा तास बाराला संपायला लागला. कित्येक वर्षांचं दुखणं सात मिनिटांत गेलं, आणि स्टाफने चहासाठी दोन दिवस अबोला धरला.

पुढे समिती आली. तीन जण. अध्यक्ष बारीक अंगाचे, शांत गृहस्थ. त्यांनी सर्व्हेचे कागद काढले आणि चष्म्यावरून आमच्याकडे पाहिलं.

“सूचना सगळ्यांच्या एकसारख्या आहेत. कोणीतरी पढवलेल्या वाटतात.”

मुलं बैलाच्या पासवर्डने, बांधावर उभी राहून, ओरडून उत्तरं देत होती, हे कुठल्या नमुन्यात बसवून सांगायचं? पण प्राचार्य सावध होते.

“साहेब, पढवायचंच असतं तर आमच्याविरुद्ध कशाला पढवलं असतं?”

अध्यक्षांनी यावर विचार केला. मग माझी फीडबॅकची फाइल उघडली. पाच वर्षांचं समाधान सावकाश चाळलं. “हे एवढे समाधानी विद्यार्थी राहतात कुठे?”

“बाजारपेठेत, सर,” मी म्हणाले. “फॉर्म मी शेवटच्या तासाला द्यायचे.”

त्यांनी घड्याळ पाहिलं आणि उठले. जेवणाच्या मांडलेल्या पानांशेजारून सरळ चालत एसटी स्टँडवर गेले, मागून आम्ही सगळे. बाराला सुटलेला अख्खा वर्ग तिथे उभा होता. सव्वाबाराला धसईची गाडी हलली. अध्यक्षांनी वहीत काहीतरी लिहिलं. कॉलेजच्या इमारतीबद्दल त्यांनी इतक्या बारकाईने काही लिहिलं नव्हतं.

आम्हाला बी ग्रेड मिळाली. मिरवण्यासारखी नाही, पण सायन्सला पुरेशी. पुढच्या वर्षी बीएस्सीची परवानगी आली आणि अश्विनी पहिल्या बॅचला बसली. ती आता सकाळी येते आणि सव्वाबाराच्या गाडीने जाते. वडिलांचं म्हणणं आहे की सायन्स मुरबाडला आणायचं त्यांनीच ठरवलं होतं.

लावणी आटोपून मुलं आली, तेव्हा नव्या वेळापत्रकात पहिल्याच दिवशी माझ्या तासाला बाकं कमी पडली. डझनभर मुलांना पुरेल इतकाच आवाज मला उरला होता, तो पहिल्या आठवड्यातच बसला. गोडी नसलेल्या मुलांवरचा तो पेपर मी बायोडेटामधून काढला.

जयवंत अश्विनीच्याच वर्षी पुन्हा फर्स्ट इयरला आला. त्याचा फॉर्म मी माझ्या हाताने भरला. ईमेलच्या रकान्याशी आलो तेव्हा कळलं, अख्ख्या तालुक्याला ईमेल काढून देणाऱ्या या माणसाचा स्वतःचा ईमेल नाही. तो काढला. पासवर्ड काय ठेवला, ते मी विचारलं नाही.

फीडबॅक फॉर्म मी आता पहिल्या तासाला वाटते. समाधान निम्म्यावर आलं आहे. पुढच्या अहवालात ही सुधारणा म्हणून कशी दाखवायची, ते अजून आम्हाला सुचलेलं नाही.